ताईचे हात आणि माश्यांचा डिंक

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर माझं एकट्याचं नाव, आणि आत पहिलीच ओळ ‘आईला दाखवू नकोस’. म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर मामाला हेरखात्यात नोकरी लागली म्हणायची. तू लिहितेस की बाळंतपणासाठी एक बाई ठरवली आहे, ती अनुभवी आहे, चोवीस तास राहील, तेव्हा आईनं येण्याची तसदी घेऊ नये. आणि हे तिला कसं सांगायचं ते मी ठरवावं, कारण मला ‘योग्य शब्द सापडतात’. अगं, संस्कृत शिकवणाऱ्याला शब्द सापडतात ही निव्वळ अफवा आहे. आम्हाला फक्त त्यांची रूपं चालवता येतात. ‘येऊ नकोस’ याचं एखादं सौम्य रूप निघतं का ते मी कालपासून पाहतोय. निघत नाही.

कारण म्हणून तू एकच वाक्य दिलं आहेस : मागच्या वेळी मी आले तेव्हा आईनं मला हातसुद्धा लावला नाही. वाक्य खरं आहे. मी तिथंच होतो, दाराशी, जावईबापूंच्या हातातली बॅग घेत. तू पायऱ्या चढून आलीस. बातमी तुझ्या चेहऱ्यावर मावत नव्हती, सांगायची गरजच नव्हती. आणि ताई एप्रनच्या खिशात दोन्ही हात घालून उभी. म्हणाली काय, तर दमली असशील, आधी पाणी पी. तू तिला मिठी मारलीस तर ती आपली खांबासारखी ताठ. मग तुम्ही ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच निघालात, आणि जावईबापू पुलाच्या कामाचं काहीतरी सांगत राहिले, जसा काही तो पूल त्यांच्यावाचून त्याच रात्री कोसळणार होता. बिचारा सज्जन माणूस, खोटं बोलताना कान लाल होतात त्याचे. तेव्हा तुझ्या वाक्यावर माझा आक्षेप नाही. मला फक्त त्या हातांबद्दल सांगायचं आहे. पत्र लांबेल. पाय उशीवर घेऊन बस, सुजले असतील.

पुढच्या खोलीत तुझ्या आईचं औषधांचं दुकान आणि मागच्या अंगणात तुझ्या बाबांच्या मधमाश्यांच्या पेट्या, हे तुला मी सांगायला नको. पण बाबा असताना तू शाळेत, मग वसतिगृहात, मग नोकरीला. त्यामुळे डिंकाची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. माश्या झाडांच्या कळ्यांवरचा चीक गोळा करून आणतात, त्यात मेण कालवतात आणि पेटीतली प्रत्येक फट लिंपून टाकतात. प्रोपोलिस म्हणतात त्याला, पण आपल्या घरात तो कायम ‘माश्यांचा डिंक’च राहिला. बाबांना त्याचा भारी वैताग. झाकणं चिकटून बसायची, पटाशी घालून उचकटावी लागायची, आणि तो खरवडलेला तपकिरी चुरा ते शिव्या देत कुंपणाशी टाकायचे. एकदा एका पेटीत उंदीर शिरला आणि माश्यांच्या हातून मेला. आता एवढं धूड त्यांना बाहेर ओढता येईना. तर त्यांनी त्याला मिशांपासून शेपटीपर्यंत डिंकानं मढवून टाकलं. बऱ्याच दिवसांनी पेटी उघडली तेव्हा उंदीर जागच्या जागी, ना वास, ना किडा. बाबांनी नाकाला रुमाल लावला. ताई मात्र त्या उंदराकडे ज्या आदरानं पाहत राहिली, त्या आदरानं तिनं माझ्याकडे आजवर पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कुंपणाशी पडलेला चुरा ती गोळा करायला लागली.

पुढचं सगळं तिनं स्वतः बसवलं. डिंक गारठवून कडक करायचा, खलात कुटायचा, मद्यार्कात भिजत घालायचा, बाटली रोज हलवायची, आणि रंग मुरला की फडक्यातून गाळायचा. उरलेला तेलात आणि मेणात घालून त्याचं मलम. तोंड आलं, घसा धरला, बोट भाजलं, टाच भेगाळली, एखादी जखम रेंगाळली, की लोक आपल्या पायरीवर. एक सांगतो, ताईनं त्याला कधी अमृत म्हटलं नाही. जखम काळी पडली किंवा ताप चढला तर ती माणसाला हाताला धरून दवाखान्यात नेऊन बसवायची. तिथले लोकही तिला ओळखतात. पण लहानसहान दुखण्यात हा डिंक खरोखर कामाला येतो, हे मी शंकेखोर माणूस असूनही पाहिलं आहे. माझ्याच हिरडीवर पाहिलं आहे. चव मात्र अशी, की जुनं कपाट चाटल्यासारखं वाटतं.

आणि एक नियम होता. ज्या वैद्यीणबाईंच्या हाताखाली ती शिकली त्यांनी घालून दिलेला : नवी बाटली गाळली की पहिला थेंब वैद्याच्या मनगटावर, दुसरा वैद्याच्या जिभेवर. मगच ती फळीवर चढायची. जे मी माझ्या अंगाला लावणार नाही ते दुसऱ्याच्या अंगाला लावायचा मला अधिकार नाही, असं ती म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, वा, काय सुंदर नियम! माझ्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून सांगितलाय मी तो. वर्षानुवर्षं प्रत्येक बाटलीचा थेंब त्याच मनगटावर पडत राहिला. शिवाय कुटताना बोटांना, गाळताना तळव्याला. लोकांची खात्री व्हावी म्हणून ती रोज स्वतःच्या कातडीला त्या डिंकाची ओळख करून देत होती.

तुझ्या त्या भेटीच्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. ताईनं काय करावं? मलम लावलं. खाज वाढली, म्हणून मलम जास्त लावलं. कातडी फुटली, तर भेगांत अर्काचे थेंब सोडले. मग रात्री मलम लावून वर सुती हातमोजे, म्हणजे ते आत चांगलं मुरावं. हात सुजले, पाणी सुटलं, तेव्हा तिनं निदान केलं की औषध कमी पडतंय, आणि पुढची बाटली दुप्पट डिंक घालून बनवली. नवी बाटली म्हटल्यावर थेंब अर्थातच मनगटावर. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हे मी जन्मभर नकलून काढणाऱ्यांबद्दल बोलत आलो. ते इतकं शब्दशः घरात पाहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. अर्थात पाहायला तरी कुठं मिळत होतं? ती दिवसासुद्धा हातमोजे घालून वावरायला लागली. कुणी विचारलं की म्हणायची, स्वच्छतेचा नवा नियम आहे. गिऱ्हाईकं भलतीच खूश. पाववाला तर मला म्हणाला, मास्तर, ताईंचं दुकान आता अगदी शस्त्रक्रियेच्या खोलीसारखं वाटतं बघा. मीही मान डोलावली. वैद्याचेच हात बरे होत नाहीत हे पायरीवर बसलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, हा तिचा प्रश्न होता, आणि तो तिनं हातमोज्यांत कोंबून ठेवला होता.

आता एक बातमी, जिच्यासाठी तू मला फाडून खाशील. तुम्ही येऊन गेल्यानंतर, थंडीत, माझं पित्ताशय काढलं. खडे झाले होते. तुला कळवलं नाही, कारण तू आधीच उलट्यांनी बेजार होतीस आणि माझं पित्ताशय काही तुझ्या येण्यानं परत मिळणार नव्हतं. आता मी ठणठणीत आहे, फक्त तळलेलं खाल्लं की पश्चात्ताप लवकर होतो. तर मी रुग्णालयात, आणि ताई घरदार बंद करून माझ्या खाटेशी. तिथल्या सिस्टर म्हणजे साक्षात सेनापती. पहिल्याच दिवशी ताईला म्हणाल्या, बाई, हे घरचे मोजे इथं चालायचे नाहीत, काढा आणि हात धुवा. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मला नळ्या लावलेल्या, पळून जाणं शक्य नव्हतं. तिनं मोजे काढले.

ठमे, मी ते हात पाहिले. बोटांच्या टोकांशी कातडी सोलून निघालेली, सांध्यांवर लाल चिरा, मनगटाभोवती बांगडीसारखा सुजलेला पट्टा. भाजलेल्या माणसाचे असतात तसे. ज्या हातांनी तिनं मला लहानपणी शाळेत ओढत नेलं ते हे हात, असं म्हणून मी काहीतरी गंभीर बोलणार, एवढ्यात ती म्हणाली, तोंड मीट, टाके तुटतील. मी विचारलं, केव्हापासून? तर तिनं आधी माझ्या अंगावरचं पांघरूण खोचलं. मग उशीचा अभ्रा सारखा करत, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, पोरीला लागू नये म्हणून खिशात ठेवले होते. आणखी खोदून विचारल्यावर कळलं ते असं : हे नेमकं काय आहे ते तिचं तिलाच कळत नव्हतं. एकाचं दुसऱ्याला लागणारं असलं तर? तुझे दिवस अगदी सुरुवातीचे. तू जवळ आलीस तेव्हा तिनं खिशात मुठी इतक्या घट्ट आवळल्या की चिरा उलल्या आणि एप्रनच्या अस्तराला डाग पडले. आणि तुला सांगायची लाज वाटली. तू पडलीस रुग्णालयात काम करणारी, लगेच म्हणाली असतीस, चल आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे. लोकांना तुझ्या मलमानं बरं वाटतं आणि तुलाच वाटत नाही? हा प्रश्न तिला तुझ्या तोंडून ऐकायचा नव्हता. तुम्ही गेल्यावर दोन दिवस ती गिऱ्हाइकांशीसुद्धा बोलली नाही. म्हणजे काय ते तूच समज.

गंमत पुढेच आहे. रुग्णालयात असेपर्यंत तिचे हात भराभर सुधारले. चिरा मिटल्या, सूज उतरली. घरी येताना ती रिक्षात हात पुढे करून मला दाखवत होती, बघ, शेवटी मलम लागू पडलंच. मी म्हटलं, ताई, मलमाची डबी घरीच राहिली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीत. निघायच्या घाईत तू माझा चष्माही विसरलीस आणि डबीही. तिनं तो मुद्दा ऐकला नाही. ऐकू न येण्याची ही कला तुझ्या आईइतकी कुणाला साधलेली नाही. दुसऱ्या दिवशी पेट्या उघडल्या, डिंक खरवडला, आणि चार दिवसांत हात पुन्हा होते तिथं. मी भीत भीत म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणावं, तर ती दोनदा कशी पडली? तर कडाडली. तुझे कावळे तुझ्या वर्गात उडव. म्हणे माझा डिंक! तुझे बाबा गेल्यावर ज्या पेट्यांनी तिला सकाळी अंथरुणातून उठवलं, त्यांच्यावर मी आळ घेतला होता. दोन वेळचं जेवण तिनं माझ्यासमोर आदळलं. पथ्याचं.

मग ती चाचणीला तयार कशी झाली? डिंकाची निर्दोष सुटका व्हावी म्हणून. रुग्णालयात एक कातडीची डॉक्टरीण आहे, तरुण आहे. लहानपणी सायकलवरून पडली की तिची आजी तिला आपल्याच पायरीवर आणून बसवायची. ती ताईला मावशी म्हणते. म्हणाली, मावशी, तुम्ही ज्या ज्या वस्तूला हात लावता ते सगळं थोडं थोडं घेऊन या. ताईनं टोपली भरली. साबण, मेण, तेलं, वाळलेली फुलं, मद्यार्क, फडक्याचा तुकडा, माझी शाई (का, तर दुकानातल्या चिठ्ठ्या मी लिहितो), आणि तळाशी डिंकाची पुडी, कागदात नीट गुंडाळून, जशी काही साक्षीदाराला कोर्टात आणताना त्याच्या अंगावर शाल घालावी. त्या मुलीनं प्रत्येकाचा इवलासा नमुना पट्टीवर घेऊन ताईच्या पाठीवर चिकटवला. पाठ म्हणजे बुद्धिबळाचा पट. दोन दिवस आंघोळ नाही, वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. तुझ्या आईला! स्वस्थ बसायला सांगितलेलं वादळ पाहायचं असतं तर तू तेव्हा यायला हवं होतंस.

पट्ट्या काढायच्या दिवशी मी बरोबर होतो. डॉक्टरीणबाईंनी एकेक पट्टी उचलली. ताई स्टुलावर बसलेली, आमच्याकडे पाठ. जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा पाहणाऱ्या बाईला स्वतःची पाठ दिसत नाही, ही देवाची योजना जरा चुकलीच आहे. ती म्हणाली, तू सांग रे. तिला सांगायला लावू नकोस, तू सांग. मी पाहिलं. सगळी पाठ स्वच्छ, कुठं काही नाही. माझी शाईसुद्धा निर्दोष. फक्त डाव्या खांद्याखाली एक चौकोन, लालभडक, फुगलेला, वर बारीक फोड. मी सुरुवात केली की, ताई, बाकी सगळं अगदी छान आहे. तर ती म्हणाली, डावीकडचा, वरून दुसरा. हो ना? मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, पोरीनं डिंकाची पुडी उचलली, तेव्हा पट्टी पाठीला कुठं लागली ते मी लक्षात ठेवलं होतं. पहिल्या दिवसापासून तिथंच खाजतंय. आणि मग मान न वळवता : मला वाटलं, तुम्ही काहीतरी वेगळं सांगाल.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर सदरा घातला आणि समजावून सांगितलं. डिंक वाईट नाही मावशी, हजारोंना चालतो. पण काहींच्या अंगाला तो सोसत नाही, आणि जे रोज त्यात हात घालतात त्यांच्यात हे जास्त होतं. हे लागणारं नाही, तुमच्यापासून कुणाला होणार नाही. पण आता जाणारही नाही. कातडी एकदा शिकली की विसरत नाही. ताई डोळे पुसत म्हणाली, मग तिला माझ्या भावाच्या वर्गात पाठवा, तिथं सगळे विसरतात. तेव्हा मला कळलं की ही बाई मोडलेली नाही. पुढे डॉक्टरीण म्हणाली, दोन वाटा आहेत. जाड मोजे घालून, जपून, काम चालू ठेवता येईल, पण हात मधूनमधून उठणार. नाहीतर डिंक, पेट्या, सगळं सोडायचं. मग हात पूर्ण बरे होतील. मी मनात म्हटलं, पहिली वाट. ही दुसरी घेणं शक्य नाही. बाबांच्या पेट्या आहेत त्या.

त्याच आठवड्यात तिनं कोपऱ्यावरच्या घड्याळजींना बोलावलं. त्यांना कधीपासून माश्या पाळायच्या होत्या. संध्याकाळी माश्या आत परतल्यावर त्यांनी पेट्या हातगाडीवर चढवल्या. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आत, मिटल्या काचेआडून ओरडतेय : तिरकी नको धरू! दार बंद केलंस का? अरे ती घड्याळं नाहीत, किल्ली देऊन चालायची नाहीत! घड्याळजी घामाघूम. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती उभी होती. अंगणात पेट्यांच्या जागी गवताचे पिवळे चौकोन उरले आहेत. मी एक दिवस तिथं कुंडी ठेवायला गेलो तर म्हणाली, राहू दे, आपोआप हिरवं होईल.

दुकान मात्र चालू आहे. बाकी सगळी औषधं आहेतच, आणि अर्क आता घड्याळजींची बायको बनवते, ताई दुरून पाहते आणि दुरून ओरडते. पण एक गोष्ट घडली. पेट्या का दिल्या हे तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः सांगायचं ठरवलं, हात उघडे ठेवून. पहिलाच पाववाला. त्यानं ऐकलं, चुळबुळ केली, आणि मान खाली घालून म्हणाला, ताई, खरं सांगू का, तुमच्या अर्कानं माझेही ओठ सुजतात. पण तुम्ही इतक्या आपुलकीनं देता, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आजवर बोललो नाही. ताई उडालीच. अरे मेल्या, म्हणाली, सुजलेल्या ओठांनी वर धन्यवाद म्हणत होतास मला? त्याला फैलावर घेऊन झाल्यावर तिनं अर्काच्या किती बाटल्या शिल्लक आहेत ते मोजलं. मग मला हाक मारली. आता प्रत्येक बाटलीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी असते : आधी आपल्या मनगटावर एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहा, खाज सुटली तर औषध परत आणा, संकोच करू नका. ‘संकोच करू नका’ खाली तिनं रेघ मारायला लावली. वैद्याचं मनगट हे सगळ्यांचं मनगट नव्हे, एवढं कळायला एवढी कातडी गेली, असं म्हणाली. तिच्या गुरुबाईंचा नियम असा मोडला, आणि मोडला म्हणून मला तो पहिल्यापेक्षा आवडायला लागला आहे.

तरी मला एक कोडं राहिलंच होतं. अर्ध्या वाटेनं जाता येत असताना तिनं सगळंच का सोडलं? मला वाटलं, खचली. ती मात्र रोज सकाळी खिडकीशी उजेडात हात उलटसुलट करून पाहायची आणि मग माझ्यापुढे धरायची, पाचवीतल्या मुलीनं नखं तपासायला धरावीत तसे. कसे आहेत? मी म्हणायचो, बरे आहेत. बरे म्हणजे? खरखरीत आहेत का? गालाला लावून बघ. मी गाल पुढे करायचो. माझा गाल म्हणजे काही फार नाजूक पृष्ठभाग नव्हे, पण घरात तेवढाच होता. परवा माझी शस्त्रक्रियेनंतरची शेवटची तपासणी होती. तिथं डॉक्टरीणबाई भेटली. सहज म्हणाली, मावशींनी त्या दिवशी सदरा घालता घालता मला हळूच एवढंच विचारलं, की या हातांनी तान्हं बाळ धरता येईल का. मी म्हटलं, धरता येईल हो, पण भेगा असल्या तर बाळापेक्षा तुम्हालाच त्रास, आणि हात खडबडीत लागतील. तर म्हणाल्या, मग पेट्याच नकोत.

तेव्हा आता ऐक. हे पत्र मी तुझ्या पत्राचं उत्तर म्हणून लिहीत नाही, कारण तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही आणि तो निरोप मी सांगणारही नाही. हे लिहितोय कारण ती निघाली आहे. पुढच्या गुरुवारी. मला म्हणाली, तिला कळव, सहज येतेय. सहज! बॅग दोघांना उचलत नाही. आत बाळाचे कपडे आहेत, सगळे तिनं स्वतः शिवलेले. सुई धरता यायला लागली त्या दिवसापासून शिवत बसली आहे. ती ठरवलेली बाई राहू दे, तिला घरकामाला लाव, आणि दोघींचं पटणार नाही याची आत्ताच तयारी ठेव. हात अगदी पूर्वीसारखे झालेले नाहीत, बोटांची टोकं अजून गुलाबी आहेत, आणि तिला त्यांची अजून लाज वाटते. दाराशी ती हात मागे घेऊन उभी राहील, आणि प्रवासाबद्दल, माझ्या वेंधळेपणाबद्दल भरमसाट बोलत सुटेल. तू काही विचारू नकोस. तिचा एक हात धर, आणि सरळ आपल्या पोटावर ठेव.

तुझाच,
पित्ताशयरहित मामा